जीपच्या चासीवर फायबरची रॉथछाप गाडी : माल किती, महिना कोणता, आणि वर बसणारं भूत कसं काढायचं?

काळीमाती

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो.

भंगारातून जीपची चासी आणली आहे. इंजिन नाही, चारही चाकं फिरतात, व्हीलबेस साधारण साडेसात फूट. तिच्यावर, विचित्र गाड्या आणि भुतांची चित्रं करणाऱ्या अमेरिकेतल्या एड रॉथच्या गाड्यांसारखी फायबरची बॉडी करायची आहे. आत डोळे बाहेर आलेलं, जीभ लोंबणारं एक भूत बसवायचं. गाडी रस्त्यावर चालवायची नाही. ट्रॉलीवर टाकून न्यायची, तान्ह्या पोळ्याला (पोरांच्या लाकडी नंदींचा पोळा) शाळेच्या पटांगणात उभी करायची, मग यात्रेत. वेल्डिंग घरचंच आहे. फायबरला मात्र अजून हात लावलेला नाही.

रॉथ साच्याशिवाय बॉडी करायचा म्हणतात, ते कसं? अंदाजे ९ चौरस मीटर पृष्ठभागाला रेझिन आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) किती लागते? आमच्याकडच्या उन्हाचं काय करायचं? साचा थर्माकोलचा केला तर चालते का? आणि शेवटचं म्हणजे हे नुसतं हौसेपुरतं आहे, की यातून दोन पैसे सुटू शकतात? रॉथचं कसं भागत होतं?

किलोत सांगा, रुपयात नको. भाव दर महिन्याला बदलून राहिले.

झाडीपट्टी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं गणित त्यावरच बसतं.

रॉथचं घर गाड्यांवर चालत नव्हतं, चित्रांवर चालत होतं. जन्म १९३२चा, कॅलिफोर्नियातला. आधी गाड्यांवर बारीक रेघा मारणं आणि रंगकाम, मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांच्या प्रदर्शनात टेबल टाकून एअरब्रशने बनियनवर भुतं काढून देणं. गिऱ्हाईक समोर उभं, त्याची गाडी कोणती ते विचारायचं आणि त्या गाडीत बसलेला राक्षस काढून द्यायचा. मिकी माउसच्या विरुद्ध टोकाचा म्हणून त्याने काढलेला रॅट फिंक हा हिरवा उंदीर पुढे जगभर गेला. गाडी ही त्या टेबलाची जाहिरात होती. आउटलॉ १९५९ची, बीटनिक बँडिट १९६१ची, मिस्टेरियन १९६३ची. गाडी प्रदर्शनात उभी राहिली की गर्दी जमायची आणि गर्दी बनियन घ्यायची. रेवेल कंपनीने त्याच गाड्यांचे १:२५ मापाचे प्लास्टिकचे जोडखेळ काढले, त्याची रॉयल्टी वेगळी. १९६८ साली हॉट व्हील्सच्या अगदी पहिल्या १६ गाड्या बाजारात आल्या, त्यांत बीटनिक बँडिट होती. सत्तरच्या दशकात ही लाट ओसरली तेव्हा हाच माणूस नॉट्स बेरी फार्म या करमणूक बागेत पाट्या रंगवायच्या नोकरीला लागला. ब्रश हातात होता म्हणून भागलं. २००१ साली वारला.

म्हणून गाडीइतकाच वेळ भुताला द्या. त्यावर अर्धी_पाटी लिहितीलच.

आता बॉडी. रॉथची रीत अशी: चासीवर लाकडी सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये व्हर्मिक्युलाइट कालवून थापायचं, ओलं असतानाच हाताने आकार द्यायचा, वाळल्यावर कानशीने घासायचा. त्यावर थेट फायबर चढवायचं आणि ते कडक झालं की आतलं प्लास्टर फोडून बाहेर काढायचं. व्हर्मिक्युलाइटमुळे प्लास्टर हलकं राहतं आणि छिन्नीला पटकन तुटतं. साचा म्हणजे नकारात्मक ठसा, तो इथे नाहीच. जे घडवलं त्याच्यावरच कातडी चढवली. एकच नग करायचा असेल तर हीच रीत बरी. दहा करायच्या असतील तर मूर्ख ठराल.

आपल्याकडे हे काम माहीत असलेली माणसं कमी नाहीत, फक्त ती त्याला गाडीचं काम म्हणत नाहीत. नागपूरच्या चितारओळीतला मूर्तिकार किंवा मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे मोठा पुतळा, बांधणारा माणूस कामट्या, सुतळी, तणस आणि बारदाना यांतून दोन पुरुष उंचीचा आकार उभा करतो. सांगाडा त्याच्याकडून बांधून घ्या. बांबूच्या कामट्यांची जाळी, चौकट सहा-सहा इंचांवर, मधे तणसाच्या पेंढ्या सुतळीने घट्ट. त्यावर पीओपीच्या पातळ काल्यात बुडवलेला बारदाना, दोन पदर. मग शेवटचा पीओपीचा हात १० मिलिमीटरचा. ९ चौरस मीटरला पावडर ९० किलोच्या आसपास जाते, म्हणजे २५ किलोच्या चार गोण्या, सांडलवंडीसह पाच धरा. नर्सरीत व्हर्मिक्युलाइट मिळालं तर शेवटच्या थरात आकारमानाने निम्मं घाला. घासायला हात दुखत नाही.

तणस दाबून बांधलं नाही तर पीओपीच्या वजनाने आकार दुसऱ्या दिवशी बसतो. डावा मडगार्ड उजव्यापेक्षा इंचभर खाली आलेला असतो आणि डोळ्याला ते फायबर चढवल्यावरच दिसतं. म्हणून चासीच्या मधोमध एक दोरा ताणून ठेवा आणि दोन्ही बाजूंची मापं त्या दोऱ्यापासून घ्या, चाकापासून नको. जुन्या चासीची चाकं कधीच सारखी नसतात.

रेझिन_हिंगणा

झाडीपट्टींनी सांगितलेली रीत बरोबर आहे, पण खरी माती पुढच्या टप्प्यावर होते: पीओपी ओलं राहतं. वरून हाताला कोरडं लागतं, पोटात पाणी असतं. पॉलिस्टर रेझिन ओलाव्यावर पकत नाही. पहिला थर पांढुरका, चिकट राहतो आणि महिनाभराने सालपटासारखा सुटतो. तपासायचं कसं: संध्याकाळी वीतभर पॉलिथिन चारही कडांनी चिकटपट्टीने पीओपीवर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून वाळू द्या. नोव्हेंबरच्या उन्हात आठ-दहा दिवस लागतात.

वाळल्यावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात द्या, दोन हातांत तासभर. त्यावर मेणाचं पॉलिश चार वेळा, प्रत्येक वेळी पुसून. शेवटी पीव्हीए रिलीजचा (फायबर पीओपीला चिकटू नये म्हणून लावायचं द्रावण) एक पातळ हात. आतलं प्लास्टर फोडूनच काढायचं आहे, मग रिलीज कशाला, असं वाटेल. रिलीज नसेल तर पीओपीचे खपले फायबरला आतून धरून बसतात, त्यांतला ओलावा तिथेच राहतो आणि वजन विनाकारण वाढतं.

आता माल. ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट, तीन थर. एक थर पकल्यावर साधारण १ मिलिमीटर भरतो, म्हणजे कातडी ३ मिलिमीटर. ९ चौरस मीटर × १.३५ किलो = १२ किलोच्या वर, जोडांवरचा दोन इंचांचा पदर आणि कटाई धरून साडेतेरा किलो मॅट. रेझिन मॅटच्या अडीच पट, म्हणजे ३४ किलो. वरच्या बारीक टिश्यूला (काचेच्या धाग्यांचा पातळ पदर) आणि शेवटच्या हाताला ५ किलो, आतल्या फासळ्यांना ५ किलो. एकूण ४५ किलो रेझिन आणा. हार्डनर (एमईकेपी) १ किलो पुरतो. अ‍ॅसिटोन ५ लिटर, ब्रश धुवायला. ९ मीटर हा तुमचा अंदाज आहे, तेव्हा सांगाडा झाला की त्यावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवा, उघडलेल्या एका पानाचं माप घ्या आणि पानं मोजा. अंदाज चुकला तर तो नेहमी कमीच निघतो.

रेझिन घेताना दोन गोष्टी. एक, कोबाल्ट (रेझिनचं पकणं वेगाने करणारं रसायन) आधीच घातलेलं मागा. कोबाल्ट आणि हार्डनर सुटे आणून घरी मिसळायचे झाले तर कधीतरी ते दोघं थेट एकमेकांत पडतात, आणि तिथे स्फोटच होतो. हे घाबरवायला सांगत नाही, ते रसायनच तसं आहे. सुटंच मिळालं तर कोबाल्ट आधी पूर्ण रेझिनमध्ये ढवळून ठेवायचं, हार्डनर फक्त कामाच्या वेळी, आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत. दोन, साधं जीपी (जनरल पर्पज) रेझिन नको, आयसोफ्थॅलिक जातीचं घ्या. साधं जीपी साठ-सत्तर अंशांच्या आसपास ढिलं पडायला लागतं. मे महिन्यात उघड्यावर उभी असलेली गडद रंगाची गाडी तेवढी सहज तापते, आणि मग मॅटचा धागान् धागा रंगावर उमटतो.

महिना. पोळा पिठोरी अमावास्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. जुलैत उत्साहाने सुरुवात केली तर मॅट दमट, पीव्हीए वाळत नाही, सगळंच दुधाळ. एप्रिल-मे मध्ये ४५ अंशांवर रेझिन मगातच थिजतं. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, सकाळी दहा ते दुपारी चार. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर हात लावू नका. १८च्या खाली रेझिन अर्धवट पकतं आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी पूर्ण ताकद येत नाही. आणि हिवाळ्यात वापरायचं रेझिन मार्चमध्ये घेऊन टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात ते डब्यातच दही होतं.

प्रमाण. रोज काम सुरू करण्याआधी कागदी कपात १०० ग्रॅम रेझिन आणि १ ग्रॅम हार्डनर घेऊन घड्याळ लावा. १५ ते २० मिनिटांत जेली व्हायला हवी. दहाच्या आत झाली तर प्रमाण ०.८ टक्क्यांवर आणा, अर्धा तास लागला तर दीड टक्का. २च्या वर आणि पाऊणच्या खाली जाऊ नका. कमी हार्डनरने जास्त वेळ मिळतो हा भ्रम आहे, रेझिन कायमचं मऊ राहतं. एका वेळी अर्धा किलोच कालवा. ५ मिलीची सुई काढलेली सिरिंज मापाला उत्तम, वजनात दहा टक्के इकडे-तिकडे झालं तरी चालतं.

हात मारताना आधी पीव्हीएवर रेझिनचा ब्रश, मग मॅट, मग वरून ब्रशने ठोकत भिजवा. ओढू नका, धागे गोळा होतात. मॅटचा पांढरेपणा गेला की थांबा. मग खाचांच्या रोलरने मधून कडेकडे हवा काढा. कोपरा जितका तीक्ष्ण, तितकी हवा तिथे अडकते, म्हणून कुठलाही कोपरा अंगठ्याच्या गोलाईपेक्षा बारीक ठेवू नका. एका दिवशी दोनच थर, तिसरा दुसऱ्या दिवशी. तिन्ही एकदम दिले तर उष्णता साठते आणि कातडी वाकते.

शेवटच्या हातात एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. पॉलिस्टर रेझिन हवेशी लागलेल्या बाजूने चिकटच राहतं. रॉथच्या रीतीत तीच बाजू बाहेरची असते. त्यामुळे टिश्यूवरच्या शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये स्टायरिनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण घाला, ५ टक्क्यांचं द्रावण, रेझिनच्या ३ टक्के. पकताना मेण वर येतं, हवा तोडतं. हे केलं नाही तर ८० नंबरचा कागद दोन मिनिटांत चोंदतो आणि माणूस फायबरला शिव्या देत बसतो. मेणाच्या हातावर मात्र पुढचा कुठलाही थर घासल्याशिवाय द्यायचा नाही.

थर्माकोल चालत नाही. रेझिनमधलं स्टायरिन त्याला विरघळवतं, पाच मिनिटांत खड्डा. तपकिरी पॅकिंग टेपने पूर्ण गुंडाळलं तर चालतं, पण टेपची एक कड सुटली की आतून पोखरलं गेलंच. तुमच्याकडे तणस फुकट आहे, मग कशाला.

आणि उरलेलं रेझिन मगात तसंच पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा तणसात ठेवू नका. अर्धा किलोचा गोळा पकताना धूर काढतो, पेट घेतो. पसरट घमेल्यात पाणी घालून त्यात ओता. तोंडाला साधा कापडी मास्क नाही, वाफ गाळणारा काडतूसवाला मास्क. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, लगेच १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि थेट डॉक्टर. चष्मा घाला म्हणजे हे वाक्य लागणारच नाही.

काळीमाती

बापरे, एवढं सविस्तर. रेझिनवाले भाऊ, लय आभार. दोन शंका. बॉडी प्लगवरून (आतल्या पीओपीच्या आकारावरून) कधी उतरवायची? आणि चासीला कशी धरायची? मी सरळ नट-बोल्टने आवळणार होतो.

रेझिन_हिंगणा

शेवटच्या थरानंतर किमान ४८ तास. त्याआधी आतल्या फासळ्या घालता येत नाहीत म्हणून घाई करू नका: आधी खालच्या अर्ध्या भागातलं पीओपी फोडा, तिथे फासळ्या घाला, त्या पकल्यावर वरचा अर्धा भाग. सगळं एकदम मोकळं केलं तर ३ मिलिमीटरची कातडी पापडासारखी लपलपते आणि जशी वाकेल तशीच पकते.

फासळी म्हणजे १ इंची पीव्हीसी पाइप लांबीत चिरून अर्धा करायचा, आतून ठेवायचा आणि वर मॅटचे दोन थर. पाइपला रेझिन नीट चिकटत नाही, पण तो नुसता आकार आहे, ताकद वरच्या मॅटच्या कमानीची. दीड-दीड फुटांवर पुरे. चाकांच्या कमानींच्या कडा आणि दरवाज्याची चौकट यांना जास्तीचे दोन थर द्या, भेगा तिथूनच सुरू होतात.

चासीवर एक इंची चौकोनी पाइपचा हलका सांगाडा वेल्ड करा, बॉडी येण्याआधी. बॉडी आत असताना वेल्डिंग म्हणजे होळी. बोल्टचं भोक बोल्टपेक्षा २ मिलिमीटर मोठं, दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याहून मोठे वायसर, मधे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. तुम्ही म्हणता तसं आवळलं तर ट्रॉलीवरच्या पहिल्या पांदण रस्त्यातच भोकातून ताऱ्यासारख्या भेगा पडतील. तयार बॉडी पुट्टीसह ६० ते ६५ किलो भरेल, चार माणसं आरामात उचलतील.

चासी_नंबर

थोडक्यात, पण वाचाच. रस्त्यावर चालवायची नाही म्हणता ते उत्तम. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तिकेतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ (४) खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भंगाराची चासी घेताना आधीच्या मालकाने नोंदणी रद्द केली आहे का ते बघा. गाडी मोडीत निघाल्यावर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. रद्द केल्याचा कागद आणि भंगारवाल्याची पावती प्लास्टिकमध्ये घालून घरात ठेवा. चासीवरचा नंबर घासू नका. शोभेची वस्तू असली तरी घासलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय.

याच धर्तीचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ पकडून आदिलाबादमार्गे हैदराबादला जा. बहादूरपुऱ्यात सुधा कार म्युझियम आहे, बूट, बॅट, बर्गर, लिपस्टिक अशा आकारांच्या गाड्या. के. सुधाकर यांनी भंगारातूनच केल्यात. गाडीच्या आकारापेक्षा त्यांच्या चासीखाली वाकून बघा, सांगाडा कसा उभा केलाय ते.

अर्धी_पाटी

रॅट फिंक काढू नका. तो नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे दारव्ह्याच्या पोरांना तो कोण ते माहीत नाही. रॉथचा उंदीर तिथे चालला कारण समोरच्याला मिकी माउस पाठ होता. तुमच्या पटांगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला काय पाठ आहे? गुलाबी बोंडअळी. तिला गाडीत बसवा.

आकार असा घ्या. अळीच्या अंगाच्या वळ्या टायरांच्या थप्पीसारख्या, पाच पुरेत, वरची सगळ्यात मोठी. डोळे दोन पांढरे चेंडू, डोक्याच्या बाहेर निम्मे, वेगवेगळ्या मापांचे. बाहुली ठिपक्याएवढी आणि दोन्ही वेगवेगळीकडे बघणारी. डोळ्यांत तांबड्या शिरा कडेपासून मधे, बाहुलीला लागू द्यायच्या नाहीत. दात सारखे काढले की माणूस हसतो, वेडेवाकडे काढले की घाबरतो, म्हणून चार मोठे नि दोन मोडके. जीभ वाऱ्याने मागे उडालेली, कारण तीच वेग दाखवते. गाडी थांबलेली आहे हे विसरू नका. एका हातात माणसाच्या मुंडीएवढ्या मुठीचा गिअरचा दांडा, छातीपेक्षा उंच उचललेला. हा रॉथच्या चित्रांतला ठरलेला प्रकार आणि तो कुणाच्या मालकीचा नाही. दांड्याच्या टोकाला मूठ म्हणून अर्धवट उमललेलं कापसाचं बोंड.

गाडीचंही तेच. मागची चाकं पुढच्यांच्या दीडपट दिसली पाहिजेत. चासीची चाकं बदलता येत नसतील तर मागचे मडगार्ड चाकापासून चार बोटं वर उचला आणि पुढचे खाली दाबा, डोळा फसतो. चित्रात हेच करताना क्षितिजरेषा बंपरच्या खाली ठेवा, म्हणजे बघणारा जमिनीवर पालथा पडून बघतोय असं वाटतं. बाहेरची रेघ आतल्या रेघेच्या तिप्पट जाड. काळा रंग घाबरत टाकू नका: तोंडाची पोकळी, मडगार्डखालची सावली आणि बगल पूर्ण काळ्या. पाच रंगांच्या वर गेलात की लांबून चिखल दिसतो.

पुतळ्याचं डोकं आणि डोळे फायबरचे करा. डोळ्यांना प्लास्टिकच्या मोठ्या चेंडूवर मेण लावून अर्ध-अर्ध गोल काढा, दोन थर पुरे, चेंडूची हवा सोडली की सुटतो.

गाडीचा रंग टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). आधी ८०, १२०, २२० असा कागद, मग पॉलिस्टर पुट्टी पातळ, एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. हार्डनरची पेस्ट २ टक्के. लाल रंग जास्त दिसेल इतकी घातली तर महिन्याभराने वरच्या पांढऱ्या रंगातून गुलाबी डाग वर येतो. मग प्रायमर, ४०० पाणकागद, रंग. बॉडी झाल्यावर रंगाआधी किमान आठवडाभर उन्हात ठेवा, स्टायरिन उडू द्या, नाहीतर रंगाला फोड. फिकट रंग घ्या, पिवळा किंवा आकाशी. काळ्याचा मोह आवरा. पीयूच्या हार्डनरची वाफ दम्याला निमंत्रण आहे, तिथेही काडतूसवालाच मास्क.

बारीक रेघांना लांब केसांचा तलवार ब्रश. कृत्रिम केसांचा घ्या. जुन्या पेंटरांकडे मुंगसाच्या केसांचे असतात, ते हातात छान बसतात पण विकत घेणं गुन्हा आहे, मुंगूस संरक्षित आहे. इनॅमल टर्पेंटाइनने दुधाच्या सायीएवढं पातळ, ब्रश काचेवर दोन्ही बाजूंनी चपटा करून, आणि रेघ ओढताना नजर ब्रशच्या टोकावर नाही, चार इंच पुढे.

आता पैसे. तान्ह्या पोळ्यात पोरांचे लाकडी नंदी सजतात, तिथे बनियन-टीशर्टचं टेबल टाका. ०.३ ते ०.५ मिमीच्या नळीचा एअरब्रश, कापडावर हवेचा दाब ३० ते ४० पीएसआय, पत्र्यावर १५ ते २५. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, पण मधे पाण्याचा सापळा आणि रेग्युलेटर लावल्याशिवाय नाही. पोळ्याच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की नळीतून थेंब उडतात आणि नेमके डोळ्याच्या पांढऱ्यावर पडतात. टीशर्ट सुती, आधी एकदा धुऊन खळ काढलेला, आत पुठ्ठा ताणून. कायम लागणाऱ्या आकारांना, म्हणजे डोळे, टायर, गाडीचा कडेचा आकार, जुन्या एक्स-रे फिल्मचे स्टेन्सिल कापा. फिल्म ब्लीचच्या पाण्यात घालून धुतली की पारदर्शक होते, जुळवायला सोपी. स्टेन्सिलने आकार दोन मिनिटांत, मग पोराचं नाव, त्याच्या नंदीचा रंग आणि शिरा-दात हाताने. सगळं स्टेन्सिलने केलं तर ते छापील टीशर्टशी स्पर्धा करतं आणि हरतं. शेवटी रंग वाळल्यावर वर सुती कापड ठेवून कडक इस्त्री ३-४ मिनिटं, सरकवत न नेता दाबून. हे विसरलात तर पहिल्या धुण्यात बोंडअळी धुऊन जाईल. शेतात जात नाही, तिथे मात्र जाईल!

काळीमाती

बोंडअळी पक्की. घरच्यांना सांगितलं तर सगळे हसून राहिले, पण बाबा म्हणे तिला चष्मा घाल, ती आता शिकलेली आहे, फवारा ओळखते.

एकच राहिलं. बीटनिक बँडिटसारखा वरचा पारदर्शक बुडबुडा घरी होऊ शकतो का?

झाडीपट्टी

चष्म्याची कल्पना भारी आहे, घ्याच.

बीटनिक बँडिटचा बुडबुडा पिझ्झाच्या भट्टीत तापवून फुगवला असं सांगितलं जातं. ऐकायला मजा, करायला नाही. अ‍ॅक्रिलिकची शीट आधी ८० अंशांवर रात्रभर वाळवावी लागते, नाहीतर आतला ओलावा बुडबुड्यांसारखा दिसतो. मग १६० ते १७० अंश, सगळीकडे सारखे. एका कोपऱ्यात दहा अंश कमी झाले की आकार तिरका फुगतो. शिवाय पूर्ण अर्धगोल केला तर शिखरावरची जाडी निम्म्याहून कमी उरते, ५ मिलिमीटरची शीट वर दोनचीही राहत नाही. त्यापेक्षा छताच्या उजेडासाठी मिळणारा तयार घुमट घ्या आणि आधी तो आणून मग सांगाड्याचं तोंड त्याच्या मापाचं करा. उलट क्रमाने गेलात तर त्या मापाचा घुमट मिळत नाही.

बसवताना: १ मीटरचं अ‍ॅक्रिलिक डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत साडेतीन मिलिमीटर फुगतं. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा ४ मिलिमीटर मोठी, खाली रबर, स्क्रू बोटाने फिरेल इतकाच. ड्रिल हळू, बिटाचं टोक घासून बोथट केलेलं, मागे लाकडाची फळी. एका बाजूला बिजागरी आणि पाठीमागे चार बोटं फट ठेवा, आतली हवा निघायला. नाहीतर तुमच्या अळीचा रंग आतल्या उष्णतेने सुटेल. आणि घुमट पुसायला साबणाचं पाणी नि मऊ सुती फडकं एवढंच. रंगाचा शिंतोडा उडाला म्हणून थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर त्याच क्षणी काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी उन्हात सगळ्या भोकांभोवती केसांसारख्या भेगा आलेल्या असतात.

काळीमाती

ठरलं. दिवाळीनंतर कामट्या आणतो. चासीचा कागद उद्याच मागतो. ४५ किलो रेझिन आयसो, कोबाल्ट घातलेलं, साडेतेरा किलो मॅट, १० मीटर टिश्यू, मेणाचं द्रावण, चपडा, पाच गोणी पीओपी. लिहून घेतलं. काही सुटलं असेल तर सांगा.

रेझिन_हिंगणा

काडतूसवाले मास्क दोन, जोडीला चष्मे दोन. तुम्ही दोघं आहात ना कामाला? आणि नायट्राइलचे हातमोजे शंभरचा डबा, पण अ‍ॅसिटोनमध्ये तेही फार टिकत नाहीत, भिजले की लगेच बदला. पीव्हीए १ लिटर, मेणाचं पॉलिश एक डबा, हेही यादीत टाका.